टोकियोतले उत्सव, नाटक, नाच, गाणं आणि खाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोत बदलीवर आलेली मंडळी, इथे शिकणारी मुलं आणि दोन-तीन आठवड्यांसाठी लेकीकडे किंवा लेकाकडे आलेले आई-बाबा यांच्याकडून मला वर्षभर प्रश्न येत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोणत्या महिन्यात आलो तर सगळ्यात जास्त बघायला मिळेल?

साकुराच्या ओढीने बहुतेक जण मार्चअखेरीस येतात. फुलं बघण्यासारखीच असतात, पण ढोल, नाच आणि रस्त्यावरचं खाणं हवं असेल तर मे महिना किंवा जुलै-ऑगस्ट धरा. मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास आसाकुसात सान्जा मात्सुरी दरवर्षी होते (मात्सुरी म्हणजे उत्सव). कान्दा मात्सुरी मेच्या मध्यात, पण मोठ्या स्वरूपात फक्त विषम वर्षी. सान्नो मात्सुरी जूनच्या मध्यात, ती सम वर्षी. या दोन उत्सवांची अशी पाळी एदो काळापासून चालत आली आहे, म्हणून निघण्याआधी साल तपासा. जुलैच्या शेवटच्या शनिवारी सुमिदा नदीवरचं आतषबाजीचं दारूकाम, आणि ऑगस्टभर गल्लोगल्ली नाच.

हवा मात्र लक्षात ठेवा. इथला ऑगस्ट म्हणजे पारा ३५ च्या आसपास आणि मुंबईचा दमटपणा. ज्येष्ठांना घेऊन येणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सुखाचा. नाटकं आणि कथाकथन तर बाराही महिने असतं.

२. या सगळ्याला खर्च किती येतो? तिकिटं लागतात का?

रस्त्यावरचे उत्सव, बोन ओदोरी म्हणजे उन्हाळ्यातले फेराचे नाच, मिकोशीच्या म्हणजे देवाच्या पालखीच्या मिरवणुका, देवळांतले बाजार यांना तिकीट नाही. काही मोठ्या कार्यक्रमांत पैसे भरून बसायच्या जागा असतात, पण रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणं फुकटच. खर्च होतो तो थिएटरांत. काबुकी म्हणजे नाच-गाण्यासह होणारं जुनं जपानी नाटक, आणि त्याचं मुख्य थिएटर काबुकीझा. तिथे खालच्या मजल्यावरची चांगली जागा पंधरा हजार येनच्या पुढे जाते. स्वस्तातला मार्ग चौथ्या प्रश्नात आहे. उत्सवातल्या खाण्याच्या स्टॉलवर एका पदार्थाला साधारण पाचशे ते आठशे येन धरा, आणि सुटे पैसे जवळ ठेवा. शहरभर कार्ड चालतं म्हणून निर्धास्त राहाल आणि मक्याच्या कणसासाठी अडून बसाल.

३. जपानी अजिबात येत नाही. काबुकी कळेल का?

शब्द कळणार नाहीत, पण जुन्या भाषेतले संवाद अनेक जपानी प्रेक्षकांनाही पूर्ण कळत नाहीत. म्हणूनच थिएटरात कानात लावायचं मार्गदर्शक यंत्र भाड्याने मिळतं आणि बरेच स्थानिक लोक ते घेतात. तुम्ही एवढंच करा : जाण्याआधी कथा वाचून घ्या. कोण कोणाचा भाऊ, कोणी कोणाचा सूड घ्यायचा, हे डोक्यात असलं की पुढचं काम डोळे आणि कान करतात. नट एखाद्या क्षणी डोळे वटारून, मान झटकून जागच्या जागी गोठतो, त्याला ‘मिए’ म्हणतात. त्याच वेळी रंगमंचाच्या कडेला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटतो. तिथे भाषेची गरज उरत नाही.

मागच्या रांगांतून मध्येच ‘नारिताया!’, ‘ओतोवाया!’ अशी आरोळी येईल. दचकू नका. ते त्या नटाच्या घराण्याचं नाव आहे, आणि नेमक्या क्षणी ते घेणं ही दाद आहे. आपल्या मैफलीत समेवर जी ‘वाहवा’ जाते तशी. ती वेळ साधायला वर्षं लागतात, म्हणून पहिल्या भेटीत ऐकावी, देऊ नये.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी नेहमी नृत्यप्रधान प्रयोग सुचवते. ऐतिहासिक कथानकात बसून बोलणं फार असतं.

४. चार-चार तास बसणं शक्य नाही. थोडंसंच बघता येतं का?

येतं, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. हिगाशी-गिन्झा स्टेशनाला लागून असलेल्या काबुकीझामध्ये चौथ्या मजल्यावर ‘हितोमाकु-मी’ नावाच्या जागा आहेत. नावाचा अर्थच एक अंक बघणं. एका अंकाचं तिकीट साधारण एक ते दोन हजार येनच्या घरात पडतं. अर्धा-पाऊण तासाचं नृत्यही मिळू शकतं किंवा दीड तासाचा नाट्यप्रवेशही. महामारीत हे बंद होतं, २०२३ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झालं. बहुतेक तिकिटं आदल्या दिवशी दुपारी १२ वाजल्यापासून ऑनलाइन मिळतात. लोकप्रिय नट असेल तर १२ वाजून काही मिनिटांतच बघा.

तोटा एकच. प्रेक्षकांमधून जाणारी हानामिची नावाची वाट चौथ्या मजल्यावरून जेमतेम दिसते, आणि काबुकीतली सगळ्यात देखणी एंट्री आणि एक्झिट तिथेच होते. आवड लागली तर पुढच्या वेळी तिसऱ्या मजल्याचं तिकीट काढा.

काबुकीझा १८८९ सालचं. आग, भूकंप आणि युद्ध यांतून ते पुन्हा पुन्हा उभं राहिलं. आत्ताची इमारत पाचवी, २०१३ मध्ये उघडलेली. हायाबुसाचो भागातलं राष्ट्रीय नाट्यगृह २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं आहे आणि त्यांचे प्रयोग इतर सभागृहांत होतात. जुन्या प्रवासपुस्तकातला पत्ता घेऊन तिथे जाऊ नका.

५. काबुकीत स्त्रियांच्या भूमिका पुरुष करतात. आपल्या बालगंधर्वांसारखंच ना?

साम्य आहे, पण इतिहास वेगळा. काबुकी सुरू केली तीच एका बाईने. १६०३ च्या सुमारास क्योतोत ओकुनी नावाच्या नर्तकीने. बायकांच्या काबुकीवर सरकारने १६२९ मध्ये बंदी घातली, नंतर कोवळ्या मुलांच्या काबुकीवरही १६५२ मध्ये बंदी आली, आणि मग प्रौढ पुरुषच सगळं करू लागले. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला ओन्नागाता म्हणतात.

आपल्याकडे स्त्रीपार्टी नटांची परंपरा स्त्रिया रंगभूमीवर आल्यावर ओसरली. इथे बंदी केव्हाच उठली तरी ओन्नागाता राहिला, कारण तोवर ती स्वतंत्र कला झाली होती. तो बाईची नक्कल करत नाही. खांदे मागे ओढून, गुडघे जवळ धरून, बाहीतून बोटं किती दिसावीत हे ठरवून तो एक बाई घडवतो. बालगंधर्वांच्या पदराची आणि चालण्याची आठवण सांगणारी पिढी ज्यांच्या घरात होती, त्यांना हे लगेच उमगेल. म्हणून आजी-आजोबांना दाखवायला टोकियोत मला याहून चांगलं काही सुचत नाही.

६. ‘नो’ बघताना झोप येते असं सगळे म्हणतात. तरी जावं का?

नो म्हणजे मुखवटे घालून होणारं संथ, जुनं गीतनाट्य. जा, पण पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच नको. सेन्दागाया इथल्या राष्ट्रीय नो नाट्यगृहात एक क्योगेन आणि एक नो असा बेताचा कार्यक्रम असतो. क्योगेन म्हणजे नोच्या जोडीने होणारं विनोदी नाटुकलं. लबाड नोकर, भोळा मालक, बोलीतले संवाद. ते आधी झालं की मन सैल होतं. तिथे पुढच्या खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा असतो आणि त्यावर इंग्रजी मजकूर येतो. गिन्झा सिक्सच्या तळघरात कान्झे घराण्याचं नो नाट्यगृहही आहे. वर महागडी दुकानं, खाली सायप्रसच्या लाकडाचा जुन्या घडणीचा रंगमंच.

नोमध्ये घडतं फार थोडं. मुखवटा घातलेला नट मान किंचित खाली करतो तेव्हा मुखवटा उदास दिसतो, वर करतो तेव्हा उजळतो. ढोलकवाला ‘यो-ओ’ असा लांब हुंकार देऊन बराच वेळ थांबतो आणि मग थाप मारतो. आलाप ऐकायची सवय असलेल्या माणसाला त्या थांबण्यात काय भरलेलं आहे ते कळतं. आपण लोक नोचे चांगले श्रोते होऊ शकतो असं माझं ठाम मत आहे.

७. राकुगो म्हणजे काय? तिथे जपानी लागतंच का?

लागतं. राकुगो म्हणजे उशीवर बसून एकट्याने रंगवलेली गोष्ट. हातात पंखा आणि एक कापडी रुमाल, बस्स. पंख्याच्या चॉपस्टिक्स होतात, पत्र होतं, तलवार होते. मान उजवीकडे वळली की एक पात्र, डावीकडे वळली की दुसरं. कामचलाऊ जपानी येत असेल तर शिन्जुकुचं सुएहिरोतेई किंवा उएनोचं सुझुमोतो इथे एक दुपार नक्की काढा. दर दहा दिवसांनी कार्यक्रमपत्रिका बदलते, आणि अध्येमध्ये जादूगार, कागद कापणारे, भोवरे फिरवणारे कलावंतही येतात. तेवढं तर भाषेवाचूनही बघता येतं. एकपात्री प्रयोगांवर वाढलेल्या मराठी माणसाला इथे घरच्यासारखं वाटतं.

८. जपानचं जुनं संगीत ऐकायचं आहे. त्याचा भारताशी संबंध आहे हे खरं का?

खरं आहे. जपानच्या दरबारी संगीताला गागाकु म्हणतात. ७३६ साली बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानला पोचला. त्याच्यासोबत आजच्या व्हिएतनामच्या भागातून आलेला एक भिक्षू होता. नाराच्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ मध्ये याच बोधिसेनाच्या हातून झाला. गागाकुमध्ये ‘रिन्यूगाकु’ नावाचा जो भाग आहे, तो परंपरेने या दोघांशी जोडला जातो. त्यातला ‘कार्योबिन’ नाच लहान मुलं करतात. पाठीला रंगीत पंख, हातात छोट्या झांजा. कार्योबिन म्हणजे आपला, बौद्ध कथांतला गोड गळ्याचा कलविंक पक्षी. पहिल्यांदा तो बघताना मला हे नाव समजलं आणि अंगावर काटा आला होता.

सम्राटांच्या दरबाराच्या संगीतविभागाचा सार्वजनिक कार्यक्रम ऑक्टोबरात राजवाड्याच्या आवारात होतो. फुकट असतो, पण आधी अर्ज करून सोडतीत नाव यावं लागतं. ते जमलं नाही तर मेइजी देवळाच्या वसंतोत्सवात, मेच्या सुरुवातीला, मोकळ्या आकाशाखाली बुगाकु म्हणजे गागाकुवरचं नृत्य बघायला मिळतं.

ऐकताना घाई करू नका. १७ नळ्यांच्या ‘शो’ वाद्याचा ढगासारखा स्वर पसरतो, त्यावर ‘हिचिरिकी’ सनईच्या जातीचा आवाज काढते. चाल संथ सुरू होते, हळूहळू बांधली जाते आणि शेवटी वेगात जाते. ‘जो-हा-क्यू’ म्हणतात त्याला. विलंबितातून द्रुतात जाणं आपल्याला काय नवीन?

उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या देवळात बेन्झाइतेन आहे, म्हणजे सरस्वती. जपानात तिच्या हाती वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य येतं. गायन-वादन शिकणारी मुलं बरोबर असतील तर तिथे दहा मिनिटं थांबा.

९. बोन ओदोरीत आम्ही शिरलो तर चालेल? स्टेप्स येत नाहीत.

चालेल, आणि शिरायलाच हवं. बोन ओदोरी हा बघण्याचा कार्यक्रमच नव्हे. मध्ये ‘यागुरा’ नावाचा लाकडी मनोरा, त्यावर ढोल, चहूबाजूंनी कंदील आणि भोवती फेर. भोंडल्याचा फेर डोळ्यांपुढे आणा. हत्तीच्या जागी मनोरा. एक गाणं पाच-सहा हालचालींचं असतं आणि त्याच पुन्हा पुन्हा येतात. आतल्या रिंगणात युकाता (उन्हाळ्यातला सुती किमोनो) घातलेल्या मोहल्ल्यातल्या काकू-आज्या असतात, त्यांना सगळं येतं. त्यांच्या मागे उभं राहून तिसऱ्या फेरीपर्यंत हात जुळतात.

सगळ्यात आधी ‘तान्को बुशी’ शिका. हे क्यूशूच्या कोळसा खाणींतलं गाणं आहे आणि नाच म्हणजे त्या कामाचीच कृती : दोनदा खोदा, कोळसा खांद्यावरून मागे टाका, मागे सरत कपाळावर हात धरून चंद्राकडे बघा, गाडी पुढे ढकला, हात उघडा, टाळ्या. दुसरं हमखास वाजणारं ‘तोक्यो ओन्दो’, १९३३ सालचं.

जायचं कुठे? हिबिया पार्कातलं आणि त्सुकिजी होंगान-जी देवळाच्या आवारातलं ही दोन मोठी नावं, आणि त्सुकिजीत बाजारातल्या दुकानांचं खाणं सरस असतं. तरी माझं मन विचाराल तर घराजवळच्या बागेतलं छोटं बोन ओदोरी गाठा. निशिकासाई, फुनाबोरी या भागांत तर कितीतरी मराठी घरं आहेत, आणि उन्हाळ्यात आसपासच्या बागांत कंदील लागतातच. तिथे कोणीतरी तुमचा हात धरून शिकवतं, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला ओळखतं.

१०. कोणी सांगतं ओबोन जुलैत, कोणी सांगतं ऑगस्टमध्ये. नक्की कधी?

दोन्ही बरोबर. १८७३ साली जपानने जुनी पंचांगपद्धत सोडून पाश्चात्त्य कॅलेंडर घेतलं. टोकियोत ओबोन नव्या तारखेने, १३ ते १६ जुलै. देशाच्या बऱ्याच भागांत तो महिनाभर पुढे, १३ ते १६ ऑगस्ट. शहरातले लोक ऑगस्टमध्ये गावी जातात, म्हणून तेव्हा रेल्वेचं आरक्षण मिळणं कठीण. टोकियोतले नाच मात्र जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत वेगवेगळ्या मोहल्ल्यांत पसरलेले असतात.

ओबोन म्हणजे पितरांनी घरी येण्याचे दिवस. आपल्या पितृपक्षासारखेच, पण इथे त्यांच्यासाठी नाचतात. घरात सुतक असताना किंवा वर्षाच्या आत नाचावं का, असं एका ताईंनी विचारलं होतं. जपानी घरांत तर माणूस गेल्यावरचा पहिला ओबोन विशेष मानाने पाळतात. तुमच्या मनाला पटेल तसं करा, इथे कोणी वावगं मानणार नाही.

११. आवा ओदोरी आणि योसाकोई एकाच शनिवार-रविवारी येतात. काय निवडू?

दोन्ही रस्त्यावरच्या नाचांचे उत्सव, आणि ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ही अडचण दरवर्षी येते. कोएन्जीची आवा ओदोरी १९५७ पासून चालू आहे. मूळ नाच शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाचा. सुमारे दहा हजार नाचणारे ‘रेन’ नावाच्या पथकांतून स्टेशनाभोवतीच्या रस्त्यांवर उतरतात, तेही संध्याकाळी ५ ते ८ एवढ्याच वेळात. बायका अर्ध्या दुमडलेल्या गवती टोप्या घालून, उंच खडावांच्या टोकांवर, हात वर धरून एका ओळीत पुढे सरकतात. पुरुष वाकून, जमिनीलगत.

योसाकोई त्याच बेटावरच्या कोचीची, १९५४ सालची, म्हणजे तशी तरुण. हातात ‘नारुको’ नावाची लाकडी खुळखुळी वाजलीच पाहिजेत आणि संगीतात मूळ योसाकोई गाण्याचा एखादा तुकडा हवा, एवढे नियम सांभाळून बाकी संगीत, कपडे, रचना पथकाच्या मर्जीची. हाराजुकु आणि योयोगीत ती दिवसभर चालते.

म्हणून एकच दिवस असेल तर दुपारी योसाकोई, आणि चार वाजता निघून कोएन्जी. जागा धरायला पाचला पोचणं म्हणजे उशीरच. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी कोएन्जीला जाईन. अरुंद रस्त्यात ढोलांचा ठोका छातीत जाणवतो.

१२. मिकोशीला खांदा देता येतो का?

मिकोशी म्हणजे देवाची पालखी. कोकणातल्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचवतात ते बघितलं असेल, तर इथलं ‘वाश्शोई, वाश्शोई’ करत पालखी हलवणं तुम्हाला नवं वाटणार नाही. जोरात हलवण्याने देवाचं सामर्थ्य जागं होतं अशी समजूत आहे.

पण रस्त्यावरून येऊन कोणी दांड्याला हात लावायचा नसतो. प्रत्येक मोहल्ल्याच्या मंडळाचा, म्हणजे ‘चोकाई’चा, स्वतःचा आखूड अंगरखा असतो. तो अंगावर असेल त्यालाच खांदा मिळतो. तुम्ही तिथे राहत असाल तर दोन-तीन महिने आधी मंडळात जाऊन विचारा. छोट्या मोहल्ल्यांत तरुण खांदे कमी पडतात, आणि मनापासून विचारणाऱ्याला बहुधा हो म्हणतात. बायकाही खांदा देतात. उंचीप्रमाणे जागा ठरते, खांदे दोन दिवस काळेनिळे राहतात.

बघणाऱ्यांसाठी नियम दोन. पुलावरून किंवा वरच्या मजल्यावरून मिकोशीकडे खाली बघणं अनेक ठिकाणी देवाचा अपमान मानतात. आणि मिकोशीवर चढणं हा मोठा गुन्हा : लोक चढतात म्हणून २००८ च्या सान्जा मात्सुरीत देवळाच्या तीन मुख्य मिकोशी बाहेरच काढल्या नव्हत्या.

१३. आम्ही शुद्ध शाकाहारी. उत्सवात खायला काय मिळेल?

मुख्य अडचण मांसाची नाही, ‘दाशी’ची आहे. दाशी म्हणजे कात्सुओबुशी नावाच्या वाळवलेल्या माशाच्या पापड्यांचं पाणी, आणि ते सूपमध्ये, सोबा नावाच्या शेवयांच्या रसात, भाजीच्या उकडीत, कधी पिठातही असतं. दिसायला ताटात फक्त भोपळा असतो, पण तो माशाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो. म्हणून हे वाक्य पाठ करा : ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देसु.’ मांसही खात नाही, मासेही नाही, दाशीही चालत नाही.

स्टॉलवर निर्धास्त खाण्यासारखं : लोणी घातलेला उकडलेला बटाटा, भाजलेलं रताळं, साखरेच्या पाकातलं सफरचंद, चॉकलेट लावलेलं केळं, पाक घातलेला बर्फाचा चुरा. सोया सॉस लावून भाजलेल्या कणसाला आधी विचारा, सॉस तयार बाटलीतला असेल तर त्यातही दाशी असू शकते. माशाच्या आकाराची ताइयाकी बघून घाबरू नका, आत लाल घेवड्याचं गोड पुरण असतं, पण पिठात अंडं असू शकतं. ताकोयाकी नावाच्या गोल गोळ्यांत ऑक्टोपस असतोच. ओकोनोमियाकी (कोबीचं जाड धिरडं) आणि याकिसोबा (परतलेल्या शेवया) भाजीचे दिसले तरी डुकराचं मांस किंवा वरून माशाच्या पापड्या असतात.

थिएटरात मध्यंतरात जागेवर बसून डबा खाता येतो. ‘माकुनोउची’ डब्याचं नावच दोन अंकांमधलं. ‘सुकेरोकु’ नावाची सुशी त्यातल्या त्यात शाकाहाराच्या जवळ जाते : तळलेल्या तोफूच्या पिशवीतला भात (आगे) आणि गुंडाळलेला भात (माकी). सुकेरोकु नाटकातल्या नायिकेचं नाव आगेमाकी, त्यावरून हा शब्दखेळ. तोफू दाशीत शिजवलेला असू शकतो आणि माकीत अंडं असू शकतं, हे विचारून घ्या.

१४. कांदा-लसूण नको, किंवा उपास असेल तर?

बौद्ध मठांतल्या ‘शोजिन’ जेवणात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही नसतो. दाशी कोम्बू शेवाळाची किंवा शिताके अळंबीची. आधी आरक्षण करावं लागतं आणि महाग पडतं. जैन मंडळींसाठी मात्र हे पूर्ण उत्तर नाही, कारण त्यात बटाटा, रताळी, कमळकाकडी अशी कंदमुळं भरपूर असतात. उपासाला रस्त्यावरचं भाजकं रताळं, दुसरं काही शोधूच नका.

१५. फक्त खाण्यासाठी जावं असा एखादा उत्सव?

निहोनबाशीजवळचा बेत्तारा बाजार, १९ आणि २० ऑक्टोबर. ‘बेत्तारा-झुके’ म्हणजे कोजी (बुरशी चढवून आंबवलेला तांदूळ) लावून मुरवलेलं मुळ्याचं गोडसर लोणचं. कोजीचा चिकटा मुळ्यावर तसाच असतो. आपलं मुळ्याचं लोणचं तिखट-आंबट, हे कुरकुरीत आणि नाजूक. वास तीव्र असतो, रेल्वेतून आणायचं तर दोन पिशव्यांत घाला.

दुसरा सेतागायाचा बोरो-इची, १५ आणि १६ डिसेंबर आणि पुन्हा १५ आणि १६ जानेवारी. १५७८ पासूनचा हा जुन्या वस्तूंचा बाजार. तिथे ‘दाइकान मोची’, म्हणजे चिकट तांदळाचा कुटलेला गोळा, गरम गरम मिळते, पण रांग लांब असते. जुने किमोनो, चिनी मातीची भांडी घ्यायची असतील तर सकाळी लवकर जा.

नोव्हेंबरात तोरी नो इची. कोंबड्याच्या दिवशी, म्हणजे बारा दिवसांच्या चक्रात, त्यामुळे महिन्यात दोनदा किंवा तीनदा. तिथे मुख्य खरेदी खाण्याची नाही, ‘कुमादे’ नावाच्या सजवलेल्या बांबूच्या दाताळ्याची : भाग्य ओढून आणायला. भाव ठरला की दुकानातले सगळे मिळून तुमच्यासाठी तालात टाळ्या वाजवतात.

१६. टोकियोत गणपतीचं देऊळ आहे आणि तिथे मुळा वाहतात, हे खरं?

खरं. आसाकुसातलं मात्सुचियामा शोदेन. इथला कांगितेन म्हणजे गणेशाचं जपानी बौद्ध रूप. मूर्ती गुप्त असते, दर्शनाला ठेवत नाहीत. आवारात जागोजागी दोन मुळ्यांची आणि पैशाच्या बटव्याची चिन्हं कोरलेली दिसतील. भक्त दुर्वांच्या जागी अख्खा पांढरा मुळा वाहतात. ७ जानेवारीला दाइकोन मात्सुरी असते, तेव्हा वाहिलेले मुळे शिजवून, वर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) घालून, लोकांना प्रसाद म्हणून देतात. साके पण देतात. कडाक्याच्या थंडीत तो मऊ, वाफाळता मुळा हातात घेतला की घरच्या देव्हाऱ्याची आठवण येते.

मोदकाचा धागा क्योतोत सापडतो : कांगितेनच्या नैवेद्याचा ‘कांगिदान’, पुरण भरून तेलात तळलेला, वरून चुण्या घातलेला.

१७. पाऊस आला तर कार्यक्रम रद्द होतो का?

पत्रकावर शेवटी तीन शब्दांपैकी एक असतो. ‘उतेन चूशी’ : पावसात रद्द. ‘उतेन जुन्एन’ : पुढच्या दिवशी. ‘कोसामे केक्को’ : रिमझिम असली तरी होणार. सुमिदाची आतषबाजी सुमारे वीस हजार बाणांची असते, पण २०१३ मध्ये ढगफुटीसारखा पाऊस येऊन अर्ध्या तासात थांबवावी लागली होती. ऑगस्ट-सप्टेंबरात वादळाची सूचना असेल तर आदल्या संध्याकाळीच आयोजकांचं पान बघा.

१८. युकाता घालू की साडी चालेल?

दोन्ही चालतं. युकाता घालताना उजवी बाजू आधी अंगाशी, तिच्यावर डावी. उलटं फक्त मृत व्यक्तीला नेसवतात, आणि तसं दिसलं की कोणीतरी आजी हळूच बाजूला घेऊन नीट करून देईल. साडी नेसून काबुकीला गेलात तर शेजारची किमोनोतली बाई हमखास कापडाची चौकशी करते. पैठणीचे मोर तिथे अनेकांनी हात लावून बघितले आहेत. गर्दीच्या नाचात मात्र पदर खोचून घ्या, आणि खडावांची सवय नसेल तर पायाला पट्ट्या बरोबर ठेवा.

१९. चहाविधी अनुभवायचा आहे, पण मांडी घालून तासभर बसवत नाही.

हामारिक्यू बागेत तळ्याच्या मध्ये चहाघर आहे. तिथे माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा घुसळलेला चहा) आणि एक गोड पदार्थ मिळतो, समोर पाणी आणि पलीकडे उंच इमारती. पूर्ण विधी नाही, पण चव आणि शांतता मिळते. गोड आधी खायचं, मग कडू चहा. वाडग्याची सुंदर बाजू आपल्याकडे ठेवलेली असते, ओठ तिला लागू नयेत म्हणून पिण्याआधी तो थोडा फिरवायचा.

पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान बघितलेले लोक इथे ‘कोराकुएन’ शोधतात. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएनवरून घडवलं आहे. टोकियोतली कोइशिकावा कोराकुएन वेगळी बाग, पण तीही बघावी.

२०. आजी-आजोबा आणि लहान मूल बरोबर आहे. काय टाळू?

सुमिदाची आतषबाजी आणि सान्जाचा रविवार टाळा. आतषबाजीला लाखो माणसं येतात, पोलीस रस्ते एकदिशा करतात आणि मधूनच मागे फिरता येत नाही. बाबागाडी तर अजिबात नको. त्याऐवजी ९ किंवा १० जुलैला सेन्सो-जी देवळातला होओझुकी बाजार बघा : नारिंगी कंदिलांसारखी फळं लागलेल्या कुंड्या आणि वाऱ्यावर वाजणाऱ्या काचेच्या घंटा. त्या दिवशीचं एक दर्शन ४६,००० दिवसांच्या दर्शनाएवढं मानतात. सकाळी आठला गेलात तर सावलीही मिळते आणि मुलाला कुंडीजवळ उभं राहून फळं मोजायला वेळही मिळतो.